पुढच्या पायावर वजन

इतवारीत माझं दुकान आहे, काटे दुरुस्तीचं.
किराणावाले, सोनार, भंगारवाले
यांचा तोल बिघडला की माझ्याकडे येतो.
ग्रॅमभर फरक मला बोटाला कळतो.
आणि त्रेचाळिसाव्या वर्षी
वरच्या माळ्यावरची कृतिका बावणे,
इयत्ता नववी, डावखुरी फिरकी,
माझा एकच फटका पाहून म्हणते,
"काका, तुमचं वजन मागच्याच पायावर राह्यते."

खरं होतं.
पंचवीस वर्षं मी मिडविकेटवर जगलो.
कुठलाही चेंडू, कुठलाही रविवार,
आडवी बॅट, डोळे मिटून, दे तिकडेच.
ऑफला अर्धं मैदान पडलेलं असतं
हे ऐकून होतो.

तिनं आधी बॅट काढून घेतली.
जमिनीवर ठेवली. "उचला. कुऱ्हाड उचलता तशी."
मग उजव्या हाताची तीन बोटं सोडवली एकेक करून.
राहिलं एक बोट आणि अंगठा.
इतक्या वर्षांचा मालक
स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसला, अवघडून.

मे महिना. गच्चीचा स्लॅब पहाटे पाचलाही कोमट.
जुन्या मोज्यात चेंडू, मोजा नाडीला,
नाडी कूलरच्या मोडक्या स्टँडला.
बायकोच्या रांगोळीनं पोरीनं फरशीवर पाऊल काढलं,
लक्ष्मीचं नव्हे, माझं, नऊ नंबरचं,
बोटं कव्हरकडे.
"यावर शंभर वेळा."
मी मोजत होतो. एकेचाळीसला पाय घसरला,
साठीनंतर मांडी थरथरली,
पाऊल पुसलं गेलं तरी पाय तिथेच पडतो का
ते पाहायला ती वाकून बसली होती,
एका हातात पोह्यांची प्लेट (फी हीच, तर्री जास्त).
"पायाकडे नोका पाहू.
डोकं न्या. पाय येते मागून."

दुकानात हातात मीटरपट्टी आली की
कोपर आपोआप वर.
गुलवाडे किराणावाला समोर उभा,
"काहून जी, पाय आखडला का?"
त्याचा काटा मी उघडला होता.
दांडीची धार झिजलेली, एक पारडं कायम खाली.
माणसाला ते दिसत नाही, सवय होते,
तो त्यालाच बरोबर समजतो.
अशा काट्याला आधी काही तोलायला देऊ नये.
रिकामा ठेवावा,
आणि शून्य कुठे आहे ते त्याला पुन्हा सांगावं,
पुन्हा.

रविवारी सकाळी सहाला मॅच. मॅटिंग. ऊन आत्ताच खांद्यावर.
लकडगंजच्या आरामशीनवरचा पोरगा
केसांत भुसा घेऊन धावत आला.
पहिला चेंडू बाहेरून गेला. जाऊ दिला.
मिडऑनवरून आमचाच माणूस ओरडला, "मारा ना, जैस्वालजी!"
दुसरा टप्प्यावर.
डोकं गेलं. पाय गेला.
टक्.
चेंडू माझ्या बुटाजवळ येऊन मरून पडला,
एक धाव नाही, काही नाही,
आणि मी त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो
की कीपरनं तो उचलून नेला, माझ्याकडे न पाहता.

तिसरा कव्हरमधून गेला. दोन धावा.
कव्हरला माणूस होता, बाटलीतून पाणी पीत होता,
त्यालाही मी तिकडे मारीन असं वाटलं नव्हतं.

सहावर बोल्ड.
बॅट आणि पॅडच्या मधून, दारातून पाहुणा यावा तसा.

कृतिका गच्चीच्या कठड्यावर बसली होती.
किती काढले विचारलं नाही.
"पाय?"
"पुढं होता."
"अन् डोकं?"
मी खाली वाकून
पोहेवाल्याला हाक मारली,
म्हटलं, दोन प्लेट,
एकीत तर्री जास्त.